खाणीत पैसा घालण्याआधी शेजारच्या विहिरीत डोकावून बघा

२०२० च्या फेब्रुवारीत उत्तर प्रदेशातल्या सोनभद्र जिल्ह्यात ३००० टन सोनं सापडल्याची बातमी फिरली होती, आठवतंय? आपलं जळगाव म्हणजे सुवर्णनगरी, त्यामुळे इकडे तर ज्याच्या त्याच्या मोबाईलवर तो मेसेज आला होता. मग जीएसआयने, म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने खुलासा केला की तिथे साधारण ५२,८०६ टन सोन्याचं खनिज आहे, म्हणजे सोनं असलेला दगड, आणि त्यात टनामागे सरासरी ३.०३ ग्रॅम सोनं. आता गुणाकार करून बघा. १६० किलो. कुठे ३००० टन आणि कुठे १६० किलो, जवळपास १८,७५० पट फरक. गुणाकाराला दोन मिनिटं पुरतात, पण त्याआधी एक प्रश्न विचारावा लागतो की बाबा हे टन कशाचे, दगडाचे की सोन्याचे.

मला आज ज्याविषयी लिहायचंय त्याला खाणीच्या धंद्यात टेक्निकल ड्यू डिलिजन्स म्हणतात. नाव अवघड आहे, काम सोपं आहे असं म्हणणार नाही पण समजायला सोपं आहे. खाणीत पैसा घालणारा, मग ती बँक असो, मोठी कंपनी असो नाहीतर गावातला भागीदार असो, पैसा देण्याआधी ज्यांचा त्या सौद्यात काही फायदा नाही अशा जाणकार माणसांना पाठवतो आणि सांगतो की समोरचा जे जे म्हणतोय ते सगळं जागेवर जाऊन तपासा. दगड तपासा, पाणी तपासा, यंत्रं, कागद, रस्ता, वीज, गावातली माणसं, सगळं. आणि त्याच्या जोडीला रिस्क असेसमेंट, म्हणजे यात काय काय बिघडू शकतं, बिघडायची शक्यता किती, बिघडलं तर नुकसान किती आणि आपण आधीच काय करून ठेवायचं, याचा हिशोब.

हे आत्ता लिहायचं कारण घरातलंच आहे. माझा मावसभाऊ साक्रीकडे असतो. दिवाळीत आला तेव्हा त्याच्याकडे दोन पानांचा कागद होता. म्हणे दादा, २ हेक्टरची खदान आहे, मालकाला भागीदार पाहिजे, खाली १ लाख ४१ हजार ब्रास दगड आहे, रस्त्यांची कामं जोरात चाललीत, खडीला मरण नाही. आणि पैसे घराच्या तारणावर उचलणार होता. मी भूगर्भशास्त्र शिकलोय आणि काही वर्षं अशा तपासणीच्या टीममध्ये काम केलंय, बाहेरच्या मोठ्या खाणींच्या, पण घर तारण म्हटल्यावर पोटात गोळा आला, मोठ्या कंपनीचा पैसा बुडाला तर बातमी होते आणि आपल्या माणसाचा बुडाला तर चूल बंद होते. म्हणून त्या रात्री आम्ही दोघं कागद-पेन घेऊन बसलो. तोच हिशोब इथे मांडतो, कारण मोठ्या सोन्याच्या खाणीलाही हाच हिशोब लागतो, फक्त शून्यं वाढतात.

मालकाचा आकडा कुठून आला ते आधी बघितलं. जागा २०० मीटर लांब, १०० मीटर रुंद, म्हणजे २० हजार चौरस मीटर. खोली धरली २० मीटर. झाले ४ लाख घनमीटर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर, भागाकार केला की १ लाख ४१ हजार ब्रास बरोब्बर येतात. गणित चुकलेलं नाही. चुकलेलं हे आहे की गणितात जमीन कुठेच नाही.

म्हटलं आता जमीन आत आणू. हद्दीपासून ७.५ मीटर सोडून खोदावं लागतं, चारी बाजूंनी. उरलं १८५ गुणिले ८५, म्हणजे १५,७२५ चौरस मीटर, वीस टक्क्यांवर जागा इथेच गेली. वरची ५ मीटर माती आणि मुरूम, ते खडीला चालत नाही. राहिली १५ मीटर खोली. ती पण विहिरीसारखी सरळ खाली उतरवता येत नाही, पायऱ्या ठेवाव्या लागतात, नाहीतर भिंत अंगावर येते. ५-५ मीटरच्या तीन पायऱ्या आणि प्रत्येक पायरी ५ मीटर आत धरली तर पहिली १५,७२५, दुसरी १७५ गुणिले ७५ म्हणजे १३,१२५, तिसरी १६५ गुणिले ६५ म्हणजे १०,७२५ चौरस मीटर. तिन्ही मिळून, ५ ने गुणून, १ लाख ९७ हजार ८७५ घनमीटर. चार लाखाचे दोन लाखाच्या आत आलो, आणि डंपर खाली उतरायचा रस्ता अजून धरलेलाच नाही.

मग भाऊ म्हणाला, दादा खाली तर सगळा काळा पत्थर आहे ना? इथे मी त्याला म्हटलं, सकाळी चल, बघू.

खान्देशात भूगर्भ बघायला मशीन लागत नाही, निदान पहिल्या नजरेला तरी नाही, कारण आपल्याकडे वावरा-वावरात विहिरी आहेत आणि विहिरीची भिंत म्हणजे जमिनीचा उघडा काप. आपला जवळजवळ सगळा दगड ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा, थरावर थर बसलेला. एक थर घट्ट काळा असतो, हातोडा मारला की टण्णकन वाजतो, तो खडीला चांगला. त्याच्या वर किंवा खाली मांजऱ्या असतो, बुडबुड्यांची भोकं असलेला, भोकांत पांढरी खनिजं भरलेली, तो फुटतो पण मजबुती कमी, रस्त्याच्या वरच्या थराला इंजिनियर नापास करतो. आणि दोन थरांच्या मधे कधी कधी लाल मातीचा पट्टा असतो, एक लाव्हा थंड होऊन दुसरा यायच्या मधल्या काळात झिजलेला, तो ओला झाला की निसरडा होतो आणि वरचा दगड त्याच्यावरून सरकायला बघतो. आम्ही खदानीच्या आजूबाजूच्या तीन विहिरींत डोकावलो, मालकांना विचारून, दोर टाकून खोली मोजली. तिन्हीत १० मीटरपासून पुढे चार-पाच मीटर मांजऱ्या होता. म्हणजे आपली मधली अख्खी पायरी, ६५,६२५ घनमीटर, चांगल्या खडीतून बाहेर. उरले १ लाख ३२ हजार २५० घनमीटर, ४६ हजार ७०० ब्रासच्या आसपास. मालकाच्या आकड्याच्या एक तृतीयांश.

हा ढोबळ हिशोब आहे हे मान्य. पण मालक खोटं बोलत होता असंही नाही, तो जमिनीखाली काय आहे ते सांगत होता आणि भावाला पाहिजे होतं ते म्हणजे विकून हातात किती येईल. खाणीच्या भाषेत पहिल्याला रिसोर्स म्हणतात आणि दुसऱ्याला रिझर्व्ह. रावेर-यावलकडच्या माणसाला हे एका वाक्यात कळतं. केळीच्या बागेत उभे असलेले सगळे घड म्हणजे रिसोर्स, आणि कटाई, वाहतूक, खराब माल वजा करून, बऱ्हाणपूरच्या आजच्या भावाने परवडून गाडीत चढले ते घड म्हणजे रिझर्व्ह. भाव पडला की घड तिथेच असतात, रिझर्व्ह कमी होतो. जगभरात खाणीच्या नावाने शेअर आणि भागीदाऱ्या विकताना सगळ्यात जास्त गल्लत याच दोन शब्दांत होते.

अजून एक गोष्ट ब्रासची. घट्ट दगड फोडला की सुटा होऊन साधारण दीडपट जागा व्यापतो. त्यामुळे खाणीतला एक ब्रास आणि ट्रॉलीतला एक ब्रास हे एक नाहीत. कराराच्या कागदात कुठला ब्रास लिहिलाय ते बघा, नाहीतर टनात लिहून घ्या आणि वजनकाटा कुणाचा ते पण लिहून घ्या.

आकडा किती पिकलाय

बोअर मारणाऱ्याला आपण सगळे ओळखतो. पाणाडी नारळ घेऊन फिरतो, जागा दाखवतो, तीनशे फूट जाऊन धूळ निघते आणि शेजाऱ्याच्या बांधाला दीडशेवर पाणी लागतं. खनिजाचंही तसंच असतं, एका बोअरने काही सिद्ध होत नाही. म्हणून आपल्याकडे शोधाच्या पायऱ्या ठरवलेल्या आहेत, जी-४ म्हणजे नुसती चाचपणी, मग जी-३, जी-२, आणि जी-१ म्हणजे थोड्या थोड्या अंतरावर बोअर मारून बारकाईने केलेला तपास. आकडा छापून येतो तेव्हा त्याच्यापुढे हे जी कितवं ते बघायचं.

जम्मूतल्या रियासीचं लिथियम हे ताजं उदाहरण. २०२३ च्या फेब्रुवारीत ५९ लाख टनांची घोषणा झाली आणि देशभर आनंद झाला, मलाही झाला. पण तो आकडा जी-३ चा होता, 'इन्फर्ड', म्हणजे थोड्या नमुन्यांवरून बांधलेला अंदाज, आणि खनिज चिकणमातीसारख्या खडकात, जिथून लिथियम वेगळं काढणं अवघड. लिलाव काढला तर पुरेसे बोलीदार आले नाहीत म्हणून तो रद्द करावा लागला. बोली न लावणाऱ्यांनी काय केलं असेल? माझ्या मते त्यांनी हाच हिशोब केला. त्यात दर पण आला, कारण चीनमध्ये लिथियम कार्बोनेट २०२२ च्या नोव्हेंबरात टनाला सहा लाख युआनच्या जवळ होतं आणि २०२३ संपताना एक लाखाच्या आसपास. ज्यांनी वरच्या भावाने खाणीचं गणित मांडलं होतं त्यांचं काय झालं असेल विचार करा. म्हणून चांगला तपासणारा एकच भाव धरत नाही, भाव २० टक्के पडला तर, ३० टक्के पडला तर, डिझेल वाढलं तर, काम दोन वर्ष लांबलं तर, असं एकेक करून ओढून बघतो की कुठे तुटतंय. लांबणं तर फार महाग पडतं. वर्षाला १२ टक्के व्याज धरलं तर दोन वर्षांनी मिळणारे १०० रुपये आजचे ८० असतात आणि दहा वर्षांनी मिळणारे १०० आजचे ३२. खाणी उभ्या राहायला दहा-पंधरा वर्षं सहज लागतात, म्हणजे कागदावरचा लांबचा नफा आज हातात घेतला तर केवढासा होतो बघा.

नमुना कुणी काढला, कुणी नेला

सराफ सोनं घेताना टंच काढतो, ग्राहकाच्या तोंडाकडे बघून भाव ठरवत नाही. खाणीत टंच म्हणजे ग्रेड, दगडात धातू किती ते, आणि ती लॅबमधून येते. तपासणारा माणूस लॅबच्या आकड्याआधी हे तपासतो की नमुना जमिनीतून लॅबपर्यंत कोणाकोणाच्या हातातून गेला.

१९९० च्या दशकात ब्रे-एक्स नावाच्या कॅनडाच्या कंपनीने इंडोनेशियातल्या बुसांगला सोन्याचा प्रचंड साठा सापडल्याचं जाहीर केलं. आकडा वाढत वाढत ७ कोटी औंसाच्या पुढे गेला, कंपनीची बाजारातली किंमत ६०० कोटी कॅनेडियन डॉलरवर गेली, साध्या पगारदार लोकांनी पेन्शनचे पैसे घातले. १९९७ मध्ये दुसरी मोठी कंपनी, फ्रीपोर्ट, भागीदार म्हणून यायची होती, तिने जे करायला पाहिजे तेच केलं, त्यांच्याच बोअरच्या शेजारी आपले बोअर मारले. सोनं नव्हतंच. नमुन्यांत बाहेरून सोन्याचे कण मिसळले होते, आणि ते कण गोलसर होते, नदीत घासून घासून होतात तसे, खडकातून थेट निघालेले नव्हते. आपल्या तापीतला गोटा आणि डोंगरातला फोडलेला दगड यात जो फरक तोच. आणि सगळ्यात मोठी खूण आधीपासून समोर होती. बोअरमधून दगडाची जी लांब कांडी निघते तिला कोर म्हणतात, ती उभी चिरून अर्धी लॅबला पाठवायची आणि अर्धी पेटीत जपून ठेवायची असा रिवाज असतो, म्हणजे उद्या शंका आली तर पुन्हा तपासता येतं. तिथे कोर सगळाच्या सगळा दळून टाकायचे. पुरावाच शिल्लक नाही.

त्या धक्क्यातून कॅनडात २००१ साली एनआय ४३-१०१ नावाचा नियम आला. ऑस्ट्रेलियात जोर्क नावाची संहिता १९८९ पासून होतीच. दोन्हींत अट अशी की साठ्याच्या आकड्याखाली सही करणाऱ्याला किमान ५ वर्षांचा अनुभव पाहिजे, त्या प्रकारच्या खनिजाची जाण पाहिजे आणि ती सही त्याच्या नावाने, व्यावसायिक जबाबदारीवर. म्हणून रिपोर्ट हातात आला की मी पहिल्यांदा शेवटचं पान बघतो, सही कुणाची, तो जागेवर गेला होता का, गेला तर कधी, आणि त्याचा पगार कोण देतं.

चांगल्या टीम लॅबलाही तपासतात. नमुन्यांच्या पोत्यांमधे गुपचूप साधा दगड घालतात ज्यात काहीच नाही, मग ज्याची ग्रेड आधीच माहीत आहे असा प्रमाणित नमुना घालतात, आणि एकच नमुना दोन नंबर देऊन दोनदा पाठवतात. साध्या दगडात सोनं दाखवलं तर लॅबमध्ये कुठेतरी भेसळ होतेय. मला ही पद्धत फार आवडते, यात कुणावर आरोप नाही पण कुणावर आंधळा विश्वासही नाही.

ग्रेड खरी निघाली तरी काम संपत नाही, कारण दगडातलं सगळं हाती येत नसतं. जिनिंगवाल्याला विचारा, क्विंटलभर कापूस आणला म्हणजे क्विंटलभर रुई होत नाही, ३३-३५ किलोचा उतारा पडला तर चांगलं. धातूच्या दगडाचा पण उतारा असतो, त्याला रिकव्हरी म्हणतात. काही सोनं दुसऱ्या खनिजाच्या पोटात इतकं बारीक अडकलेलं असतं की नेहमीच्या रसायनाला ते सापडतच नाही. आणि उतारा काढायला कुठला नमुना वापरला ते महत्त्वाचं, खाणीच्या सगळ्यात छान कोपऱ्यातला घेतला असेल तर तो पहिल्या वेचणीच्या कापसावरून फरदडीचा अंदाज बांधण्यासारखं आहे.

पाणी आणि गाळ

यावर मी जरा जास्त बोलणार, कारण लोक यावरच कमी बोलतात. धुळे-नंदुरबारकडे जमिनीत काळ्या दगडाच्या भिंती आहेत, शास्त्रात त्यांना डाइक म्हणतात, लाव्हा भेगेतून वर येताना तिथेच थिजलेला. साधारण पूर्व-पश्चिम जाणाऱ्या, मैलोन्‌मैल, उघड्यावर असतील तर दगडाची रांग रचल्यासारख्या दिसतात. ही भिंत पुष्कळदा जमिनीखालचं पाणी अडवते, म्हणून एका बाजूच्या विहिरीला पाणी आणि दुसऱ्या बाजूला कोरडं असं होतं. आता खदान नेमकी त्या भिंतीवर आली, कारण दगड चांगला असतो ना तिथे, आणि ती भिंत फोडली, तर अडलेल्या पाण्याला वाट मिळू शकते. खदानीत पाणी भरतं आणि वरच्या अंगाच्या विहिरी उतरतात. खदानवाल्याला पंपाचा खर्च वाढतो, पण शेतकऱ्याची केळी वाळते. भावाच्या खदानीच्या उत्तरेला अशी एक भिंत आहे. म्हणून मी त्याला सांगितलं की काम सुरू व्हायच्या आधी चारी बाजूच्या विहिरींची पातळी मोजून वहीत लिही, पावसाळ्याआधी आणि नंतर, विहीर मालकाची सही घेऊन. उद्या कुणी म्हणालं की तुझ्यामुळे पाणी गेलं तर वही बोलेल, आणि खरंच गेलं असेल तर तुलाही ते मान्य करावं लागेल.

मोठ्या धातूच्या खाणीत दगड पिठासारखा दळतात, धातू काढून घेतात आणि उरलेला ओला गाळ बंधाऱ्यामागे साठवतात, टेलिंग्ज डॅम. आपल्याकडे पावसाळ्यात हतनूरचे दरवाजे उघडले की तापीकाठची गावं जागी राहतात, पण तिथे निदान पाणी असतं आणि दरवाजे असतात. या बंधाऱ्यात पातळ चिखल असतो आणि दरवाजा नसतो. ब्राझीलच्या ब्रुमाजिन्योमध्ये २५ जानेवारी २०१९ ला दुपारी असा बंधारा फुटला, २७० माणसं गेली. त्यात जुनाच गाळ होता, नवीन टाकणं काही वर्षांपूर्वीच थांबलं होतं, आणि बंधारा स्थिर असल्याचं प्रमाणपत्र आदल्या वर्षीचं होतं. कामगारांची कँटीन आणि ऑफिस बंधाऱ्याच्या थेट खाली, आणि वेळ जेवणाची. सायरन वाजलाच नाही.

मी जेव्हा जेव्हा कुठल्या खाणीचा नकाशा उघडतो तेव्हा आता आधी एवढंच बघतो की बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला कोण बसतं, कोण झोपतं. प्रमाणपत्र नंतर वाचतो. बंधारा कसा वाढवला तेही बघायचं असतं. जुन्या गाळावरच पाय रोवून आत आत सरकत वाढवायची पद्धत स्वस्त असते, तिथे बंधाऱ्याचा पाया म्हणजे ओला गाळच. ब्राझीलमधला तसाच होता. तिथल्या घटनेनंतर २०२० मध्ये टेलिंग्जसाठी जागतिक मानक आलं.

इथे रिस्क मोजायच्या तक्त्याबद्दल सांगायला पाहिजे. नेहमीची पद्धत अशी, प्रत्येक धोक्याला शक्यतेचे १ ते ५ गुण, नुकसानीचे १ ते ५ गुण, आणि गुणाकार. डिझेल थोडं महाग होणं, शक्यता ५, नुकसान १, गुण ५. बंधारा फुटणं, शक्यता १, नुकसान ५, गुण ५. दोन्ही सारखे! तक्त्यात दोन्ही एकाच रंगात रंगवले जातात आणि मीटिंग पुढे सरकते. माणसं मरू शकतात असे धोके या गुणाकारात टाकूच नयेत असं माझं ठाम मत आहे, त्यांची वेगळी यादी पाहिजे, आणि तिथे प्रश्न शक्यतेचा नाही, काय केलं म्हणजे ते होणारच नाही याचा. कँटीन हलवणं हा उपाय आहे. सायरन लावणं हा त्यानंतरचा, आणि हेल्मेट सगळ्यात शेवटचा. दगडाच्या खदानीत पण हीच यादी करता येते, भिंत कोसळणं, ब्लास्टिंगचा दगड वस्तीत उडणं, आणि बंद पडलेल्या खदानीच्या पाण्यात पोहायला गेलेली पोरं. शेवटचं तर लोक खदान संपल्यावरची गोष्ट म्हणून धरतच नाहीत, कुंपणाचा आणि काठ उतरता करण्याचा खर्च पहिल्या दिवशीच हिशोबात धरायला पाहिजे.

कागद आणि गाव

आमच्या नात्यातल्या एकाने काही वर्षांपूर्वी चालू खदान विकत घेतली होती. जुन्या मालकाने परवान्यापेक्षा जास्त उकरलं होतं, ते कुणी सांगितलं नाही आणि यांनीही मोजून घेतलं नाही. नंतर ईटीएस मोजणी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन यंत्राने खड्ड्याची मोजणी झाली, खड्डा कागदापेक्षा मोठा निघाला. बेकायदा उत्खननाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड बसू शकतो. नोटीस यांच्या नावाने आली. तो माणूस आजही त्या कर्जाचे हप्ते भरतोय. तेव्हा घेण्याआधी स्वतः ईटीएस मोजणी करा, रॉयल्टीच्या पावत्यांशी ताळा घ्या.

सातबारा बघताना इतर हक्काचा रकाना आणि भोगवटादार वर्ग कोणता ते बघा, फेरफार मागपर्यंत काढा. जमीन कधी आदिवासी खातेदाराची असेल तर महसूल संहितेचं कलम ३६ अ लागतं, सरकारी मंजुरीशिवाय तो व्यवहार उभाच राहत नाही. ५ हेक्टरपेक्षा लहान खाणपट्ट्यालाही पर्यावरण मंजुरी लागते, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या दीपक कुमार निकालापासून, त्यामुळे 'लहान आहे, चालतं' हे ऐकून घेऊ नका. आणि अनुसूचित क्षेत्र असेल, म्हणजे धडगाव, अक्कलकुवा, आणि साक्रीतली पण बरीच गावं, तर १९९६ च्या पेसा कायद्याने गौण खनिजाच्या, म्हणजे दगड, मुरूम, वाळू अशांच्या, पट्ट्याआधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस लागते.

ही शिफारस म्हणजे एक शिक्का असं समजणारे फार मोठी चूक करतात. ओडिशात नियमगिरीच्या बॉक्साइटचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, एप्रिल २०१३ मध्ये कोर्टाने ग्रामसभांना ठरवू द्या म्हटलं, आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी नाही म्हटलं. त्या डोंगराच्या पायथ्याशी कारखाना आधीच उभा होता. पनामात तर चालू खाण, जगातल्या तांब्यापैकी एक टक्क्याच्या आसपास तांबं देणारी, २०२३ च्या नोव्हेंबरात लोक रस्त्यावर उतरल्यावर आणि कोर्टाने करार घटनाबाह्य ठरवल्यावर बंद झाली. दोन्हीकडे दगडाचा आकडा चुकलेला नव्हता. गावाला विचारणं हे माझ्यासाठी आधी माणुसकीचं काम आहे, पण ज्याला फक्त पैशाचंच बघायचंय त्यानेही हे तपासाच्या यादीत वर लिहावं. क्रशरची धूळ कुणाच्या कपाशीवर बसणार, डंपर शाळेसमोरून जाणार का, हे पारावर बसून विचारलं की अर्ध्या तासात कळतं. आपल्या अहिराणीत म्हणतात तसं, पहिले देखी ये, मंग बोल.

भावाने मालकाकडे तीन गोष्टी मागितल्यात. जागेत स्वतःच्या खर्चाने तीन कोर बोअर घ्यायची परवानगी, एक बरोबर मधे आणि दोन डाइकच्या अलीकडे-पलीकडे, कांड्या पेटीत भावाच्या घरी राहतील. आत्ताच्या खड्ड्याची ईटीएस मोजणी दोघांच्या समोर. आणि मागच्या सगळ्या रॉयल्टी पावत्यांच्या प्रती. मोजणीला मालक लगेच हो म्हणाला, पावत्या शोधतोय, बोअरबद्दल अजून बोललेला नाही. घराचे कागद तोपर्यंत मावशीच्या कपाटात आहेत, मी तिला फोन करून सांगितलंय की मधलं बोअर होऊन कोर मी डोळ्यांनी बघेपर्यंत कपाटाची किल्ली तुझ्याकडेच ठेव.